टोक गावना नाय!

मी एकदा एका किड्याला लोकर समजून उचललं होतं.

अकरा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची, शाळेतून रिटायर झालेली, आणि स्वतःला फार म्हणजे फारच हुशार समजणारी बाई होते. नातीसाठी गुलाबी टोपी विणत बसले होते. शेजारी आमच्या यांची खाऱ्या पाण्याची नवी टाकी. बघते तर आतल्या दगडाला बोटभर लांबीचा गुलाबी धागा चिकटलेला, दोन्ही कडांना पांढरी मऊ लव. म्हटलं, माझीच लोकर उडून पडली वाटतं. झाकण सरकवलं, कोपरापर्यंत हात घातला आणि चिमटीत धरून ओढली.

लोकरीने अंग चोरलं... आणि माझी तीन बोटं पेटली!

माझी किंकाळी ऐकून हे मोरीतून धावत आले. माझा हात बघितला, टाकीत बघितलं, आणि आधी पोट धरून हसले. "त्येची टोपी इणतलंस काय गो?"

त्याला ब्रिसलवर्म म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. हे त्याला 'केसाळो' म्हणायचे. समुद्रातल्या दगडांबरोबर तो न सांगता घरात येतो. अंगावरची लव म्हणजे काचेच्या भुकटीसारखे बारीक काटे. ते कातडीत मोडून बसतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. चिमट्याने निघत नाहीत. त्यावर चिकटपट्टी लावायची, दाबायची, आणि सर्रकन ओढायची. मग व्हिनेगर. यांनी माझा हात मांडीवर घेऊन एकेक पट्टी लावली, ओढली, लावली, ओढली... आणि दर पट्टीला हसून घेतलं. सायन्सच्या बाईंना किडा ओळखता आला नाही, हे पुढे वर्षभर अख्ख्या सोसायटीला ऐकवलं.

हे एवढं आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की म्हातारी देवभोळी असणार. देवभोळी नाही हो, मी नुसती भोळी आहे! चौथीत असताना मी चौकातल्या उताऱ्याचा नारळ फोडून खाल्ला होता आणि मैत्रिणींनाही वाटला होता. कोणालाही काही झालं नाही, एकीचं पोट बिघडलं तेही कैऱ्यांनी. पुढे तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, की भूत बघितलं असं कोणी म्हणालं तर आधी विचारा: उजेड किती होता, जेवण काय झालं होतं, आणि चष्मा होता का. तेव्हा तेच आधी सांगून टाकते. गुरुवार, दुपारचे सव्वा वाजले होते. लख्ख ऊन. जेवणात आमटी-भात. चष्मा डोळ्यांवर होता. कवळी मात्र तोंडात नव्हती... कवळीचं पुढे येईलच.

घर मुलुंड पूर्वेला, जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये शिरलं की उजव्या भिंतीला लोखंडी स्टँडवर चार फुटी टाकी. स्टँडला एक खण. समोर यांचं लाकडी स्टूल. हे मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. समुद्र सुटला तो विशीत. मग म्हातारपणी घरातच करून घेतला! पाण्यात मीठ कालवायचं, खारटपणा मोजायचा, पंप साफ करायचे, सगळं स्वतः. टाकीत एकच मासा अगदी पहिल्यापासूनचा, केशरी अंगावर पांढरे पट्टे. त्याचं नाव शेठ. हे स्टुलावर बसले की शेठ काचेपाशी यायचा आणि यांच्या नाकासमोर लुटुलुटु हलत राहायचा. मी बसले तर दगडामागे. मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, जा मेल्या, मीही तुला बघायला बसलेली नाही.

आता चिकटपट्टीचं सांगते, सगळं त्याच्यावरच आहे.

पाइपची गळती असो, वायरी असोत, वाण्याच्या पिशव्या असोत, यांच्या हातात कायम पट्टीचं रीळ. कात्री कधी घेतली नाही. पट्टी दातानेच तोडायचे. पुढच्या दाताचा टवका उडालेला, त्यामुळे तोडलेल्या कडेला मधोमध एक बारीक शेंडी राहायची. आणि रीळ ठेवताना त्याचं टोक त्रिकोणी दुमडून ठेवायचं, हा यांचा कायदा. म्हणजे पुढच्या वेळी शोधावं लागत नाही. मी धांदरट. वापरलं की दिलं फेकून. मग थोड्या वेळाने बाहेरून हाक यायची, "पट्टीचा टोक गावना नाय गो! खंय घातलंस?" की मी चष्मा कपाळावर चढवून, रीळ उजेडात फिरवत, नखाने खरवडत, यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते टोक शोधून द्यायचे. अहो, मी पुष्कळदा दुमडून ठेवायचे! शपथेवर सांगायचे की आज दुमडलं होतं. तरी टोक गायब. मला वाटायचं, वयाने मीच विसरते. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात आमची जास्तीत जास्त भांडणं या अर्ध्या इंचावरून झाली.

दुसरं भांडण टाकीतल्या खाण्यावरून. मला कोणाचंही ताट रिकामं बघवत नाही. मी जाता-येता करंदीचा, म्हणजे बारक्या कोळंबीचा, एखादा तुकडा टाकीत सोडायचे. शेठ काही तो खायचा नाही, तुकडा तळाशी, आणि केसाळ्यांची पंगत. चार असले तर ते चांगले असतात म्हणे, उरलंसुरलं खाऊन टाकी कुजू देत नाहीत. पण चाराचे चाळीस झाले की हे भर दुपारी टाकीवर चादर टाकून आत अंधार करायचे, भोकं पाडलेल्या बाटलीत करंदी ठेवायची, तासाभराने बाटली चिमट्याने बाहेर. जास्तीचे काढायचे, थोडे राहू द्यायचे. मी म्हणायचे, "अहो, एवढे कसे वाढले?"

"तू वाढतस म्हणान ते वाढतत," हे म्हणायचे.

त्या गुरुवारच्या आठ महिने आधीची दुपार. हे स्टुलावर बसून टाकीचा कसलासा पाइप बांधत होते, मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. हाक आली, "टोक गावना नाय गो!"

त्या दिवशी सकाळपासून ती तिसरी हाक होती. मी तिथूनच ओरडले, "डोळे फुटले का तुमचे? आज मी येत नाही. शोधा तुमचं तुम्ही!"

बाहेर काही आवाज नाही. मी खूश! म्हटलं, चव्वेचाळीस वर्षांत आज पहिल्यांदा जिंकले. मुद्दाम चहा जरा जास्तच उकळला. बिस्किटं काढली. दहा मिनिटांनी ट्रे घेऊन बाहेर आले तर हे स्टुलावर बसलेले, कपाळ काचेला टेकलेलं. आतून शेठ अगदी कपाळापाशी. मी म्हटलं, "रुसलात का?"

हातात रीळ तसंच होतं. टोक सापडलेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालंय, तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं. सगळ्यांनी तेच सांगितलं. मी मान हलवली. पण मी काय ओरडले होते, ते मी कोणालाच सांगितलं नाही. मुलाला नाही, नातीला नाही. ते रीळ स्टँडच्या खणात ठेवलं आणि खण बंद केला. पुन्हा उघडला नाही.

त्यानंतर शेठ दगडामागे गेला तो गेलाच. अधूनमधून शेपटी दिसायची, तेवढीच. आणि मी... मी वाढत राहिले. सकाळी एक तुकडा, दुपारी एक, संध्याकाळी एक. यांच्यासाठी कावळ्याला घास ठेवला तो कावळ्याने कधीच नेला, टाकीतला घास मात्र मला रोज ठेवता येत होता. शेठ जेवतो म्हणून नव्हे. टाकीसमोर उभं राहायला काहीतरी कारण हवं ना? आठ महिन्यांत केसाळे एवढे झाले की चादर न टाकताही दिवसाढवळ्या दगडांवरून फिरायला लागले.

आमचा संदीप बोरिवलीला असतो, दर रविवारी येतो. त्याने वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, वाट लागलीय टाकीची. मासा मरेल यात. ओळखीच्या एका दुकानवाल्याला सांगतो, येत्या रविवारी तो सगळं घेऊन जाईल. शेठला नीट सांभाळेल."

"नाही."

"अगं, तुला होत नाही ना हे. बाबांनाच जमायचं. हट्ट काय करतेस लहान मुलासारखा?"

"रविवारपर्यंत किडे काढते. निघाले नाहीत तर घेऊन जा."

म्हटलं खरं. पण सोमवारपासून बुधवारपर्यंत मी जे केलं त्याला मूर्खपणा म्हणतात. बाटली उलटी ठेवली. चादर पाण्यात पडली. बाटलीत किड्यांऐवजी एक गोगलगाय आली. यांनी दहा वर्षं हे काम माझ्या डोळ्यांसमोर केलं आणि मी दहा वर्षं टीव्ही बघत बसले होते.

गुरुवार. नात तन्वी सकाळीच कॉलेजला गेलेली. ती आमच्याकडेच असते, अगदी शाळेपासून. म्हणजे आता माझ्याकडे. दाराला आतून कडी, साखळीही. जेवण झालं, कवळी धुऊन वाटीत ठेवली आणि टाकीकडे वळले. बाटली दोन दगडांच्या मध्ये अडकली होती. यांचे हातमोजे मला ढगळ, बोटं वळेनात. काढले आणि उघडा उजवा हात घातला. हो, पुन्हा! एकसष्टाव्या वर्षी केलेली चूक बहात्तराव्या वर्षी जशीच्या तशी. फरक एवढाच की तेव्हा एक किडा होता, आता दगडामागे गुच्छच्या गुच्छ.

तळहात, पाचही बोटं, मनगटापर्यंत. आग आग झाली. घरात दुसरी पट्टी नव्हती. खण उघडला. ते रीळ काढलं.

डाव्या हाताने फिरवलं, नखाने खरवडलं. टोक कुठेच लागेना. उजवी बोटं सुजायला लागलेली. दातांनी प्रयत्न करावा तर तोंडात दात कुठे? आणि मग मला काय झालं कोण जाणे. हातामुळे नाही... पण आठ महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. यांच्या फोटोला हार घातला तेव्हा रडले नव्हते एवढी त्या रिळाला धरून रडले. आणि हॉलच्या मधोमध उभी राहून, अगदी यांच्याच सुरात ओरडले, "टोक गावना नाय हो! आता या ना! आता मी हाक मारतेय ना!"

अर्थात कोणी आलं नाही. रीळ स्टुलावर आपटलं, आणि निदान व्हिनेगर तरी लावावं म्हणून स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवरची बाटली, डाव्या हाताने झाकण, वाटीत ओतलं. दोन मिनिटं. फार तर तीन.

परत आले तर टाकीच्या कडेला पट्ट्या लटकत होत्या.

सात. एका ओळीत, बोट-बोटभर लांब, जशा हे तयार करून ठेवायचे तशा. वरचं टोक काचेच्या कडेला जरासं चिकटवलेलं, खालचं मोकळं. पंख्याच्या वाऱ्याने हलत होत्या.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. अहो, नाही! मला मनात आलं, 'चला, एकदाचं सापडलं.' जणू रोजचंच. मी स्टुलावर बसले आणि एकेक पट्टी घेऊन लावायला लागले. दाबली, ओढली. पट्टीवर पांढरी लव दिसायची. दुसरी. तिसरी. हात हलका होत गेला. सातवी ओढली तेव्हा मला कळलं की मी काय करतेय... आणि तेव्हा अंगावर जो काटा आला तो किड्यांचा नव्हता.

रीळ मांडीखाली टोचत होतं म्हणून काढून बघितलं. टोक त्रिकोणी दुमडलेलं होतं.

मान वर केली. शेठ काचेपाशी आला होता. आठ महिन्यांनी. पण माझ्या नाकासमोर नव्हे. थोडा वर आणि उजवीकडे, माझ्या खांद्याच्या मागे कोणी वाकून बघत असेल तर त्याचं तोंड जिथे येईल, तिथे तो लुटुलुटु हलत होता. मी मागे वळून बघितलं नाही. का नाही बघितलं म्हणून नंतर स्वतःला पुष्कळ शिव्या घातल्या. पण तेव्हा वाटलं, वळले आणि कोणी नसलं तर?

पाचेक मिनिटांनी तो दगडामागे निघून गेला.

मग माझ्यातली सायन्सची बाई जागी झाली. कडी-साखळी तपासली, लागलेली होती. खिडक्यांना जाळ्या. वेदनेच्या भरात मीच पट्ट्या कापल्या आणि विसरले, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. बहात्तर वय आहे, मेंदूचं काय सांगावं. म्हणून दुसऱ्या दिवशी उजवा हात पाठीमागे बांधून प्रयोग केला. डाव्या हाताने तीन पट्ट्या काढायला पाव तास लागला, दोन बोटांना गुंडाळल्या गेल्या आणि एक केसांत अडकली. आणि हे सगळं टोक सापडल्यानंतर! शिवाय त्या सात पट्ट्या मी टाकल्या नाहीत, स्टीलच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवल्यात. कड कात्रीची नाही. दातांनी तोडलेली आहे. मधोमध बारीक शेंडी आहे. माझे दात त्या वेळी वाटीत होते.

रविवारपर्यंत मी शहाण्यासारखं काम केलं. मोजे मनगटाला दोरीने बांधले, बाटली सुलटी ठेवली, आणि मुख्य म्हणजे वाढणं बंद केलं; दिवसाला शेठपुरतं, बस्स. सगळे किडे काही निघाले नाहीत, पण संदीपने वाकून बघितलं आणि म्हणाला, "झकास आहे की! राहू दे मग." त्याला मी पट्ट्यांचं सांगितलं. त्याने झाकण हातात घेतलं, बराच वेळ शेंडीवरून अंगठा फिरवला, मग म्हणाला, "तूच केलं असशील गं आई," आणि तोंड धुवायला गेला. चांगला दहा मिनिटं तोंड धूत होता.

काय झालं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. वर्गात एखाद्या मुलाने मला हे सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आता मला कोणी बाकावर उभं केलं तर मी उभी राहीन, पण पट्ट्या सात होत्या, हे म्हणणं सोडणार नाही. शेठ परत काचेपाशी आलेला नाही. मी रोज दुपारी स्टुलावर बसते. कधी हळूच हाकही मारते. काही होत नाही.

संदीप गेल्यावर त्या रात्री जेवताना मी तन्वीला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे तेही, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. की तिच्या आबांची ती शेवटची हाक टोकासाठी होती. की मी गेले नाही. की मी ओरडले, आज येत नाही, शोधा तुमचं तुम्ही. की मी टोक दुमडलं असतं तर त्यांनी हाकच मारली नसती, आणि हाक मारली तेव्हा गेले असते तर...

पोरीने घास ताटात ठेवला. माझा उजवा हात, अजून जरा सुजलेला, दोन्ही हातांत धरला. आधी हसली, मग तिचे डोळे भरले. आणि जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

"आजी, टोक आबाच चिकटवून टाकायचे गं. तू दुमडून ठेवलेलं असायचं ना, ते उघडून, नखाने घासून सपाट करायचे, आणि मला म्हणायचे, 'गप रव, आता बघ कशी येता ती गाळी घालीत.'"